पाखरांसाठी ठेवलेलं पाणी

दत्ता, तू गेलास आणि घरातला माठ भरला.

भेटायला येणाऱ्यांना निदान पाणी तरी द्यायला पाहिजे म्हणून शेजारच्या वहिनींनी माळ्यावरचा माठ खाली काढला. तुझ्या नजरेला पडू नये म्हणून मीच तो तिथं दडवून ठेवला होता. त्यांनी तो धुतला, भरला आणि सरळ दारातच मांडला. मे महिन्याचं ऊन. येणारा येतोय, घटाघटा पितोय, मिशा पुसतोय आणि मग "लई दिलदार माणूस गेला" म्हणत खाली बसतोय. मी भिंतीला टेकून बघत होते. उठावं आणि एकेकाच्या हातातलं भांडं हिसकून घ्यावं असं वाटत होतं. अरे, ह्या घरात असं पाणी पीत नाहीत!

तुझ्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हापासून ह्या घरात पाणी मोजून होतं. सकाळी एक फुलपात्र, दुपारी एक, संध्याकाळी एक. चहा त्यातच, आमटी त्यातच, गोळ्या गिळायचा घोटही त्यातच. आखून दिलं डॉक्टरांनी, तुझी बायको तर आधीच गेलेली, मग राखण माझ्या वाट्याला आली. जन्मभर शाळेत पोरांवर डोळे वटारले, म्हातारपणी सख्ख्या धाकट्या भावावर वटारायची पाळी आली. तू मला जेलर म्हणायचास. डायलिसिसच्या खाटेवरून शेजारच्या पेशंटला सांगायचास, "ही बगा आमची आक्का. यम आला तर त्येला बी पाणी मोजून दील." सगळे हसायचे, मीही हसायचे. मग घरी आलास की तोंड फिरवून म्हणायचास, "मला किडनी न्हाय मारायची आक्का. तू मारणार हायस." आणि मी म्हणायचे, "मर की मग. पर माझ्या हातनं जादा थेंब मिळायचा न्हाय."

हे भांडण आपण मिटवलंच नाही. मिटवायचं कसं? तुला पाणी दिलं तर तू मरणार, नाही दिलं तर तू माझ्याशी बोलणार नाहीस. मी न बोलणारा भाऊ पत्करला. आजही विचारलंस तर तोच पत्करीन.

तरीही तू गेल्यावर मी लोकांत ताठ मानेनं बसले होते. का, ते तुला सांगायचंय. एकाच गोष्टीवर मी हे सगळे दिवस तगून होते. माझा भाऊ तहानलेला गेला नाही, असं मी धरून चालले होते. त्याला पाणी मिळत होतं, आणि ते मलाच तेवढं ठाऊक होतं. तुला वाटायचं, ह्या म्हातारीला काय कळतंय.

त्या कारंज्याचं सांगतेय मी, दत्ता.

उन्हाळा लागायच्या तोंडाला तू पुण्याला वैशूला फोन लावलास. बापानं मागितलं काय, तर उन्हावर चालणारं कारंजं, पाखरांच्या आंघोळीला. पोरीला काय, तिनं लगेच पाठवून दिलं. मी मात्र भडकले. म्हटलं, तुझ्या तोंडासमोर दिवसभर पाणी उडत ठेवायचं? उपाशी माणसासमोर ताट वाढून ठेवतात का कुणी? तू खुर्चीतनं मान वर न करता म्हणालास, "प्यायला न्हाय तर न्हाय. बगू तर दे की." मी खोकं फोडायला सुरी आणली.

खोक्यातनं निघाली एक काळी तबकडी, वर काचेसारखा चकचकीत तुकडा आणि पोटात बोटाच्या पेराएवढी मोटर. ती मोटर तू तळहातावर घेतलीस आणि इतका हसलास, इतका हसलास की धाप लागली. "आयला, ही मोटर व्हय? हिच्यापेक्षा माझी अंगठी मोठी हाय की!" उद्यमनगरातल्या दुकानात तू आयुष्यभर शेतकऱ्यांच्या पंपांच्या जळलेल्या मोटरी बांधल्यास. पेठ वडगावाकडनं, पार आजऱ्याकडनं टेम्पोत घालून मोटरी यायच्या, पीक वाळायला लागलेलं असायचं, मालक दारात उभा राहून हात चोळत असायचा. तू जेवणाचा डबा न उघडता तांब्याची तार गुंडाळत बसायचास. घरी यायचास तेव्हा अंगाला व्हार्निशचा वास. किती जणांच्या रानात तुझ्या हातनं पाणी गेलं असेल, आणि तुझ्या नशिबी तीन फुलपात्रं. देव कुठं बसलाय मला माहीत नाही, पण त्याला लाज असती तर त्यानं हे केलं नसतं.

कारंजं मांडायला तुझा डावा हात चालेना, सुया टोचायची शीर त्याच हातात. वजन उचलायला बंदी. मग नर्सरीतनं आणलेलं सिमेंटचं पसरट थाळं मी उचललं, विटा मी रचल्या आणि हुकूम तू सोडलेस. जरा हिकडं. जरा तिकडं. जास्वंदीची सावली पडती, मागं घे. मी घामानं निथळत होते आणि तू खुर्चीत बसून मुकादमी करत होतास. शेवटी कंपाउंडच्या भिंतीपासून लांब, अंगणाच्या अगदी उघड्यावर, दिवसभर ऊन पडेल अशा जागी ते बसलं. तबकडी पाण्यावर तरंगायला लागली, ऊन लागलं, आणि बुळुक करून धार उडाली. ढग आला की बसायची, ऊन आलं की उठायची. तू टाळी वाजवलीस. कितीतरी महिन्यांनी मी तुला टाळी वाजवताना बघितलं.

त्यातही तुला खोड काढल्याशिवाय चैन पडेना. सोबत चार-पाच टोपणं आली होती, कशातनं छत्रीसारखं पाणी पडायचं, कशातनं नुसते बुडबुडे. कागदावर लिहिलं होतं, वारं असेल तिथं बुटकं टोपण लावा. मी वाचून दाखवलं. तू सगळ्यात उंच धारेचं टोपण बसवलंस. वर मलाच सुनावलंस, "कागद वाचून मोटरी चालत असत्या तर तूच बांधल्या असत्यास. कारंजं म्हंजे पाणी वर गेलं पायजे. गल्लीतनं दिसलं पायजे." कोल्हापूरच्या माणसाला थोडक्यात काही जमतच नाही.

पाखरं यायला आठवडा गेला असेल. आधी चिमण्या भिंतीवर बसून नुसत्या बघायच्या. मग एक बुलबुल धीट निघाला. त्याच्यामागनं साळुंक्या, त्या तर भांडायलाच यायच्या. कावळा यायचा तो कुठनं तरी उचललेलं हाड नाहीतर वाळका भाकरतुकडा घेऊन, पाण्यात भिजवायला. तू प्रत्येकाला नावं ठेवलीस. एका साळुंकीला तर माझंच नाव. का, तर ती दुसऱ्या कुणाला पाण्याजवळ येऊ देत नाही म्हणून.

आणि मग थाळं रिकामं व्हायला लागलं.

सकाळी मी काठोकाठ भरायची आणि चहाच्या वेळेला बघावं तर तळाला ओंजळभर पाणी, तबकडी कलंडलेली. पायरीवर तुझं फुलपात्र उपडं पडलेलं. मी काय समजायचं ते समजले. दुपारी मी आत आडवी व्हायची आणि तू बाहेर एकटाच असायचास. पहिल्या दिवशी मी पदर खोचून बाहेर आले होते, तुला असं झापणार होते की गल्ली गोळा झाली असती. पण तोंडापर्यंत आलेला शब्द परत गेला. त्याला कारण आदल्या दिवशीचं.

आदल्या दिवशी आपण डायलिसिसला गेलतो. नंबर यायचा होता. समोरच्या बाकावर एक बाई लेकराला बाटलीनं पाणी पाजत होती. लेकरू पीत होतं आणि तू बघत होतास. बाटलीकडं नव्हे, त्याच्या गळ्याकडं. घोट खाली गेला की तुझाही गळा हलायचा. तोंडात काही नव्हतं आणि तू गिळत होतास. त्या बाईच्या ते लक्षात आलं, तिनं बिचारीनं पाठ फिरवली. मी दुसरीकडं बघायला लागले. माझ्या भावाला असं भिकाऱ्यासारखं बघताना मी बघितलं दत्ता, आणि त्या क्षणी मी मेले असते तरी चाललं असतं.

म्हणून थाळं रिकामं बघून मी गप्प राहिले. मनात म्हटलं, पिऊ दे. पुढच्या दारानं मी राखण करते, मागचं दार उघडं राहू दे. डॉक्टरांना तोंड द्यायचं ते आपण देऊ.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या थाळ्यात नळाचं पाणी घालायचं बंद केलं. फिल्टरचं पाणी कळशीनं नेऊन ओतायची. त्याआधी नारळाच्या शेंडीनं थाळं असं घासायची की त्यात पीठ मळावं. कावळा दिसला की काठी घेऊन धावायची, माझ्या भावाच्या पाण्यात हाड बुडवतोस काय मेल्या! शेजारच्या वहिनी भिंतीवरनं म्हणाल्या, "आक्का, पाखरास्नी फिल्टरचं पाणी?" मी म्हटलं, "कोल्हापूरची पाखरं हायत, त्यास्नी काय बी चालत न्हाय." त्या हसल्या. तूही खुर्चीतनं हसलास. मला वाटलं, हसतोय, म्हणजे चोराच्या मनात चांदणं.

दुपारी मी अंगणाकडची खिडकी लावून घ्यायला लागले. बाहेर यायच्या आधी भांडं आपटायची, खोकायची, उगाच वहिनींना हाक मारायची. तुला सावरायला वेळ मिळावा म्हणून. सगळ्या घरावर नजर ठेवणारी बाई मी, त्या तेवढ्या वेळात अंगणाकडं ढुंकून बघत नव्हते. बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं.

एकदा मीच टोमणा मारला, "तुझी पाखरं लई पाणी पित्यात बाबा." तू म्हणालास, "पाखरं कुठली पित्यात एवढं? वारं पाडतंय. दुपारचं पन्हाळ्याच्या अंगानं वारं सुटतंय न्हवं, धार सगळी भाईर जाती. एक दिवस बग तर बसून." मी म्हटलं, "व्हय व्हय, वारंच पितंय." आणि आत जाऊन पोटभर हसले. किती गोड खोटं बोलतो माझा भाऊ, असं वाटलं. लहानपणी गूळ खाऊन तोंड पुसून यायचास आणि मुंगळ्यांवर घालायचास, अगदी तसाच. त्यानंतरही तू दोन-तीनदा म्हणालास, ये की बसायला, एकट्याला कंटाळा येतो दुपारचा. मी आले नाही. तुझ्या पाण्याच्या आड मी कशी येऊ?

मध्ये एकदा तुझं वजन वाढलं. डायलिसिसची सिस्टर रागावली, "मामा, पाणी जास्त झालंय. लपून पिताय काय?" तू वैशूची शपथ घेतलीस. मी पंख्याकडं बघत बसले. भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं, हे कुणाला सांगू? जातंय म्हणजे पोटात काहीतरी. मग घरी येऊन मी माझ्या अकलेनं मार्ग काढला. तिकडं तू पितोयस तेवढं इकडं कमी करायचं. तुझी आमटी निम्मी केली. चहा दोन घोटांवर आणला. तू वाटीत बघून म्हणालास, "आक्का, आज एवढीच?" मी म्हटलं, "एवढीच." वाटी बोटानं पुसून घेतलीस.

आणि मग तू गेलास. सकाळी खुर्चीत बसला होतास, ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं, कारंजं उडायचं होतं. मी चहा घेऊन आले तर तू मान टाकलेली. डॉक्टर आले. मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "पाणी जास्त झालं होतं का?" त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाले, "नाही हो आक्का. छातीत अजिबात पाणी नव्हतं. हृदयच थकलं होतं. तुम्ही फार चांगलं सांभाळलंत." दत्ता, तुझ्या उशाशी बसून माझ्या जिवात जीव आला. पापी म्हण, काही म्हण. वाटलं, बघ, तो प्यालाही आणि पाण्यानं मेलाही नाही. दोन्ही साधलं.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या काठाला सगळे जमले. आपल्याकडं गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते प्रत्येकजण आणतो आणि रक्षेपुढं मांडतो. तुला काय आवडायचं ते सगळ्यांना माहीत, पण त्या दिवशी सगळ्यांच्या मनात एकच आलं. वैशूच्या वडगावच्या मामांनी शहाळं आणलं. तुझ्या दुकानातल्या कारागिरांनी सोड्याच्या बाटल्या. कुणी उसाचा रस, कुणी ताक, कुणी बर्फ घातलेलं लिंबूपाणी. वैशूनं पाण्याची अख्खी बाटली ठेवली आणि तिथंच खाली बसून ओरडून रडली, "पप्पा, प्या आता. कोण काय म्हणणार न्हाय." कोण म्हणजे मी. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर वळवली. मला राग आला नाही. पोरीला जवळ घेतलं. मनात म्हणत होते, रडू नको बाळा, तुझ्या बापाची तहान मी भागवलीय.

कावळा आला. एवढ्या पाण्यातल्या कशालाही त्यानं चोच लावली नाही. कोपऱ्यात कुणीतरी तुझा आवडता कटवडा ठेवला होता, तो उचलून पसार. तिथंही माणसं हसली, तुझ्याच जातीचा निघाला म्हणून. मामा म्हणाले, "बगा, पाण्यावर वासना राह्यली न्हवती त्येची." मी मान हलवली. मला तर ते आधीच माहीत होतं!

तुझे उपकार मी कधी तोंडानं बोलले नाही. आज बोलते. नवरा गेला तेव्हा सासरी मला ठेवून घ्यायला कुणी तयार नव्हतं. तू आलास, आपण एसटीत बसलो, घरापर्यंत एक शब्द बोलला नाहीस. दारात आल्यावर एवढंच म्हणालास, "मागली खोली झाडून ठिवलीया." त्यानंतर ह्या घरात मी पाहुणी आहे असं मला एका दिवसासाठीही वाटू दिलं नाहीस. मी रागावले तर ऐकून घेतलंस, मी चुकले तर हसलास. अशा माणसाला शेवटच्या दिवसांत दोन ओंजळी पाणी चोरून पिऊ दिलं, ह्यात मी काय मोठं केलं? पण तेवढं तरी केलं, असं वाटायचं.

सगळं आटोपलं. परवा वैशू पुण्याला गेली. काल घर रिकामं झालं आणि भिंतीवर चिमण्या ओरडायला लागल्या. थाळं कोरडं पडून तळाला माती साठली होती. मी उठले, घासलं, सवयीनं फिल्टरचंच पाणी ओतलं, काठोकाठ. तबकडी तरंगायला लागली. दुपारी आत जाऊन पडवेना. आता कुणापासून खिडकी लावायची? म्हणून तुझ्या खुर्चीत येऊन बसले. पहिल्यांदाच.

ऊन चढलं तशी धार उंच गेली. तुझं ते टोपण, गल्लीतनं दिसणारं. बुलबुल येऊन न्हाऊन गेला. मग पन्हाळ्याच्या बाजूनं वारं सुटलं. धार वाकली आणि थाळ्याच्या बाहेर पडायला लागली. थोडी नाही, सगळीच. वारं थांबायचं, धार सरळ व्हायची, परत वारं, परत पाणी मातीत. त्या अंगाला ढिगानं गवत माजलंय, शेंडे वाळलेत, पण बुडाशी अजून हिरवंगार, मे महिन्यात. एवढे दिवस ते मला दिसलं नव्हतं. कावळा नाही, कुत्रं नाही, माणूस नाही. मी हललेही नाही, आणि चहाच्या वेळेपर्यंत थाळ्यात ओंजळभर पाणी उरलं. मोटर कोरडी घरघरायला लागली.

वारंच पाडत होतं रं, दत्ता. तू खरं बोलत हुतास. आन् मी तुझी आमटी निम्मी केली.

मग तू पाणी प्यालास तरी कवा?